तुळईचे लाटणे

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हा पाच निवृत्तांना आमच्या छंदाविषयी बोलायला सांगितले. आमच्यात दोन रेल्वेतले, एक बँकेतले, एक रिफायनरीतले आणि एक शाळामास्तर. सुतार एकही नाही. बोलणारा एक असला तरी म्हणणे पाचांचे आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. मोठेपणा म्हणून नव्हे!

आम्ही जुन्या वाड्यांतून निघालेले लाकूड लेथवर कातून त्याच्या वस्तू करतो. हे काम करणाऱ्याला आपल्या मराठीत कातारी म्हणतात, गुजरातीत खरादी, आणि त्याच्या यंत्राला संघाडो. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या संखेड्याचे खरादी पिढ्यान्‌पिढ्या सागाचे झोपाळे, पाळणे, खुर्च्या कातून लाखेने रंगवत आले आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. तेव्हा ही विद्या आपल्या दारातलीच आहे.

आता लाकूड कुठून येते ते सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतले गायकवाडी काळातले वाडे आपण पाहिले, आपल्यापैकी कित्येकजण त्यांत वाढले. तांबेकर वाड्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण मिळाले. बाकीच्यांचे तसे नाही. वारस चार गावी, दुरुस्ती कुणालाच झेपत नाही, मग एक दिवस वाडा उतरवला जातो. उतरवणारा ठेकेदार तुळया, खांब, कडीपाट ट्रकमध्ये भरतो आणि ते थेट लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, जातात. सात-आठ दिवसांत मागे मोकळी जागा उरते.

या लाकडाची थोरवी हातात घेतल्यावर कळते. नव्या ओल्या लाकडाचा वाडगा कातायचा तर आधी जाडसर कातून तो काही महिने वाळवावा लागतो, नाहीतर वाकतो किंवा तडकतो. तुळईतला साग कित्येक दशके छपराखाली वाळलेला असतो. वरून धुराने काळा, पण पहिल्याच कापाला आतून सोनेरी रंग आणि तेलाचा वास येतो. सागाच्या पोटात वाळूसारखे बारीक खनिज कण असतात. ते पटाशीची धार पटकन खातात, म्हणून दर थोड्या वेळाने धार लावावी लागते. शिसवी वेगळी. ती कठीण, पण तिच्यावर निघणारी कड आरशासारखी.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, प्रत्येक ठोकळ्यावरून चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे. जुना खिळा लाकडाच्या आत मुडपून बसलेला असतो आणि तो पटाशीला लागला तर पटाशी उडते. दुसरी, वेग. व्यास इंचांत मोजून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले की उत्तर सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान यावे. म्हणजे दहा इंची वाडग्याला सहाशे फेऱ्यांनी सुरुवात करावी, आणि ओबडधोबड ठोकळ्याला त्याहून कमी. तिसरी, कपडे. लोंबत्या बाह्या, उपरणे, गळ्यातली साखळी काहीही नको. तोंडावर पारदर्शक ढाल आणि नाकावर चांगला मास्क हवाच, कारण सागाचा भुसा त्वचेला व श्वासाला त्रास देतो आणि लाकडाची धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसांत जाणे घातक आहे. चौथी, जुना तेलरंग दिलेले लाकूड स्वयंपाकघरासाठी वापरू नये. त्या रंगात शिसे असू शकते. लाटणे, रवी यांना मेण किंवा खाण्याचे जवसाचे तेल पुरते. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल भांड्यांना नको.

एक नियम आम्ही आपसांत केला आहे. नक्षीचा हस्त, कोरलेली गणेशपट्टी, धड उभा असलेला खांब लेथवर चढवायचा नाही. तो कुणाच्या तरी घरी जसाच्या तसा लागला पाहिजे. आमच्याकडे येते ते फुटलेले, वाळवी लागून अर्धे राहिलेले, कापूनच उपयोगी पडणारे. आणि नुसत्या लाकडासाठी कुणी वाडा उतरवू नये, हेही हात जोडून सांगतो.

आपल्याच समाजातल्या एका घराची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. वाडा विकला गेला, पैशाची वाटणी वकिलांकडे गेली, भावंडांचे बोलणे बंद झाले. त्यांच्यातल्या एकाने माजघरातली तुळई आमच्याकडे आणून टाकली. तिच्यात बोटभर रुंदीचे एक भोक होते. आम्ही ते बुजवणार, तेवढ्यात त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या आत्या बघायला आल्या. त्या म्हणाल्या, “अरे, ही पाळण्याची कडी. तुम्ही सगळे हिच्याखाली निजलात.” भोक तसेच ठेवले. तो भाग वाडग्याच्या काठाशी आला. उरलेल्या लाकडाची चार लाटणी, चार रव्या आणि देव्हाऱ्याचे खांब झाले. वाटपाच्या दिवशी चारही भावंडे आमच्या गॅरेजात आली. वाडगा कुणाला, यावर थोडी कुरबुर झाली. अखेर तो आत्यांकडे राहिला. पैशाची वाटणी अजून व्हायची आहे, पण गेल्या गौरींना चारही घरे एका पंगतीला बसली, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर वेळ जात नाही, ही तक्रार या सभागृहात पुष्कळदा ऐकू येते. आमचा अनुभव असा की हाताला काम लागले की वेळ आपसूक जातो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कुणाच्या घरात कोणती तुळई कुठे होती, तिला काय टांगले होते, हे सांगणारी माणसे आता आपल्याच वयाची उरली आहेत. लाकूड हातात असताना ती बोलतात, आणि नातवंडे ऐकतात.

म्हणून दोन विनंत्या. घर उतरवायचे ठरले तर ठेकेदाराच्या आधी आम्हाला कळवा. आम्ही फुकट मागत नाही, वखारीचा भाव देऊ. आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सकाळी गॅरेज उघडे असते, तिथे या. लेथ चालवायलाच हवा असे नाही. चहा आहे, आणि घासायला पॉलिशपेपर भरपूर आहे.

यंदाच्या मखराचे चार खांब आपण येताना पाहिलेच असतील. ते तीन वेगवेगळ्या वाड्यांच्या लाकडाचे आहेत, म्हणून रंग किंचित वेगळे दिसतात. पुढच्या वर्षीही हेच उभे राहतील.

गणपती बाप्पा मोरया!