निकालात न दिसणारे मुलगे

2025 च्या दहावीत राज्यात 96.14 टक्के मुली पास झाल्या, मुलगे 92.31 टक्के. पण हा हिशोब परीक्षेला बसलेल्यांचा. आठवीतच गॅरेजवर किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये गेलेला मुलगा यात येतच नाही. आमच्या भाषेत, डेटाच अपुरा. ब्रिटनमध्येही कॅरिबियन वंशाचे मुलगे मुलींच्या मागे आहेत. तिथे शाळा मुलांना काढून टाकते, ही जुनी तक्रार. इथे आपणच काढतो: "हातात हुनर असलेलं बरं." मुलगी शिकते, आणि बारावीनंतर तिलाही थांबवतात. का, तर एवढा शिकलेला नवरा कुठून आणायचा! आपल्या मोहल्ल्यातल्या कोणकोणत्या मुलांनी दहावीआधी शाळा सोडली, ती नावं पुढच्या बैठकीला लिहून आणा.