द्राक्षांच्या गावात अकरा वर्षं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी रोजी केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, "काका, तुम्ही दिंडोरीला नोकरीला होता. वाईनच्या भागात राहण्यात काय मजा असते ते सांगा." पंचवीस वर्षांत या सोसायटीत मला पाण्याच्या टाकीबद्दल आणि पार्किंगबद्दलच बोलायला सांगितलं गेलं. त्यामुळे या वेळी नाही म्हणवलं नाही.

एक गंमत आधी सांगतो. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली २००० साली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी काढलेल्या 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली तीही २००० सालीच. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या या माणसाने आईच्या, म्हणजे सुलभाताईंच्या नावावरून ते नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाईन पार्क झाले. म्हणजे नाशिकची वाईन आणि आपण एका वयाचे. आपल्या संगमनेरची जागाही अशी की पुणे रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटर गेलं की नारायणगाव, जिथे श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकातच फेसाळ वाईन करून परदेशात पाठवली. आणि उलट्या दिशेने सिन्नरवरून तेवढंच गेलं की नाशिक. मध्ये आपण, कांदा, टोमॅटो, डाळिंब आणि दूध घेऊन.

१९९९ ते २०१० मी दिंडोरी तालुक्यात बँकेच्या शाखेत शेतीकर्जं बघायचो. सोमवार ते शनिवार तिकडे, शनिवारी रात्रीच्या एसटीने इकडे. सौ.चं माहेरही त्याच तालुक्यातलं, त्यामुळे खोली भाड्याची असली तरी जेवण बहुतेक वेळा मेहुण्याकडे असायचं.

मजा काय, तर पहिली गोष्ट म्हणजे तिथे कॅलेंडर भिंतीवर नसतं, बागेत असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल अगदी बोडका करतात, नवख्या माणसाला वाटावं बाग मेली. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. जगात बहुतेक ठिकाणी थंडीत वेल झोपतो आणि द्राक्षं उन्हाळा संपताना येतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटून पीक मात्र एकदाच घ्यायचं, तेही जानेवारी ते मार्चमध्ये, दिवसा ऊन आणि रात्री गारठा असताना. आपण जिन्यात भेटलो की विचारतो, "पाणी आलं का?" तिकडे विचारतात, "छाटणी कधी?" सगळ्या गावाचं एकच बोलणं. पहाटे पाचला ब्लोअरचा आवाज सुरू होतो आणि झोप उडाल्याची तक्रार कोणी करत नाही, कारण प्रत्येकाचा ब्लोअर कधी ना कधी वाजणार असतो. (आपल्याकडे मिक्सरच्या आवाजावरून सभा झाल्या आहेत, म्हणून आठवलं.)

निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. मी मेहुण्याबरोबर दोन रात्री जागलो आहे. धूर डोळ्यांत जातो, पण त्या दोन रात्रींत आम्ही जेवढं बोललो तेवढं इतर दहा वर्षांत बोललो नसू.

आणि एक शब्द तिथे रोज कानावर यायचा, तो म्हणजे बोर्डो. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. आपल्यापैकी ज्यांची डाळिंबं आहेत ते तेल्यासाठी तेच मारतात. हा बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्दो, वाईनचं जगप्रसिद्ध गाव. तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपायचे. रोगासाठी नव्हे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की या रस्त्याकडच्या वेलींवर केवडा कमी पडतो. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. चोरांसाठी केलेला उपाय आज आपल्या साकूर-घारगावच्या डाळिंबावर चालतो, हे मला दिंडोरीतच कळलं.

आता वाईन. मी चाखली आहे. सौ. समोर बसल्या आहेत, त्यांना माहीत आहे, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही. तुरट लागली, फार आवडली नाही. पण बनते कशी ते बघायला आवडलं. लाल वाईनमध्ये रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. पांढरीत साल आधीच काढतात. वाईनची द्राक्षं आपण खातो ती नव्हेत. शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लांक अशा जाती. मणी लहान, बिया असलेले, साल जाड. खायच्या द्राक्षाला विरळणी करा, घड औषधात बुडवा, मणी फुगवा, अशी अपार मेहनत असते. वाईनच्या द्राक्षाला मोठा मणी नकोच असतो. मजूर कमी लागतो. पेठ-सुरगाण्याहून कामाला येणारी आदिवासी कुटुंबं या सगळ्या बागांचा खरा कणा आहेत; पर्यटक फोटो काढतो त्या प्रत्येक सरळ रांगेत त्यांचा हात फिरलेला असतो.

कमी मजूर, कंपनीशी आधीच करार, दर ठरलेला. मी बँकेतला माणूस. कागदावर हे फार छान दिसत होतं. २००६ साली मेहुण्याला मी सांगितलं, दोन एकर वाईनची द्राक्षं लाव. कर्ज त्याने दुसऱ्या बँकेतून घेतलं, नातेवाईक असल्यामुळे मी माझ्या शाखेतून देऊ शकत नव्हतो. पण सल्ला माझाच होता.

२००८ मध्ये जगभर मंदी आली. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. कंपन्यांच्या टाक्या आधीच भरलेल्या, त्यात नवं पीक तयार. ज्या कंपनीशी मेहुण्याचा करार होता, तिचं नाव घेत नाही, तिने २००९ ला निम्मा माल उचलला आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाली. तो महिना आलाच नाही. आणि तेव्हा मला कळलं की मी कागदावर काय वाचलं नव्हतं. खायची द्राक्षं एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो, कोणीच नाही घेतली तर बेदाणा होतो. वाईनच्या द्राक्षाला मात्र एकच गिऱ्हाईक असतं. बिया असलेला तो इवलासा मणी बाजारात कोण घेणार? निम्मी बाग वेलीवरच काळी पडली. पुढच्या वर्षी जेसीबी लावून त्याने दोन्ही एकर उपटले. मी बांधावर उभा होतो. मेहुणा मला एक शब्द बोलला नाही. त्याच्या बायकोने खोडं घराजवळ रचून ठेवली, दोन पावसाळे ती चुलीत जात होती. सौ.ने मात्र माझ्याशी दोन महिने बोलणं टाकलं होतं, आणि ते योग्यच होतं.

म्हणून २०२२ साली सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा आपल्या पटांगणातही दोन तट पडले होते, आठवत असेल. भिशीच्या महिला एका बाजूला, मोबाईलवाली तरुण मुलं दुसऱ्या बाजूला. मला दोघांनी विचारलं आणि मी दोघांनाही नाराज केलं. दारू घराघरात नको म्हणणाऱ्या बायका चुकीच्या नव्हत्या, त्यांनी काय काय पाहिलं आहे ते त्यांना विचारा. पण "शेतकऱ्याचं भलं होईल" हे वाक्य मला सहन होत नव्हतं. नाशिकची बहुतेक द्राक्षं खायचीच असतात, वाईनला जातात ती थोडीशी. भलं व्हायचं असेल तर करारात पैसे कधी आणि कोण देणार, हे आधी लिहा, असं मी म्हणत होतो. ते कोणालाच ऐकायचं नव्हतं. असो.

तुम्ही म्हणाल, मग मजा कुठे गेली? मी मेहुण्याला विचारलं होतं, विक जमीन, संगमनेरला ये, आपल्याच सोसायटीत फ्लॅट बघू. तो म्हणाला, "दाजी, तुमच्या गच्चीवरून आभाळ दिसतं, पण त्याच्याकडे बघायचं काही कारण नसतं." उपटलेल्या जागी त्याने पुन्हा द्राक्षंच लावली, खायची. आज पंधरा वर्षं तो तीच बाग करतोय. रविवारी गाड्या भरून पुण्या-मुंबईची माणसं वायनरीला जातात, वाटेत त्याच्या बांधावर थांबून फोटो काढतात. तो त्यांना पाणी देतो आणि विचारतो, तुमच्याकडे पाऊस झाला का.

गेल्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला. एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत पुढचा घड तयार होत असतो, तेव्हा ऊन लागतं. ते मिळालं नाही. यंदा त्याच्या बागेत घड कमी आहेत.

दर वर्षी फेब्रुवारीत त्याच्या पेट्या आपल्या गेटवर येतात, हे बहुतेकांना माहीत आहे. या वेळी पेट्या कमी येतील. ज्यांना हव्या आहेत त्यांनी वॉचमनकडच्या वहीत नाव लिहावं, आणि दर मात्र मागच्या वर्षीचा धरू नये.