पडवीत उभी राहिलेली सायकल



आम्ही पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बचत गटांच्या बाया. एरवी आम्ही इथे पापड, कडधान्य, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आज रस्त्यावर बोलणार आहोत. रस्ता हाही गटाचाच विषय आहे, हे आम्हाला एका सायकलीने शिकवलं.

रोह्याजवळच्या आमच्या एका गटातल्या ताईंनी जून महिन्यात गटातून कर्ज काढलं आणि आठवीतल्या लेकीला सायकल घेतली. शाळा तीन किलोमीटरवर. पोर खूश, ताई खूश. ऑगस्टात पाऊस धो धो पडत होता. मागून आलेल्या टेम्पोचा आरसा सायकलच्या हँडलला लागला. पोर कडेच्या चिखलात पडली, मनगटाचं हाड मोडलं. टेम्पो थांबला नाही.

प्लास्टर दीड महिन्याने निघालं. सायकल मात्र पडवीत उभी ती उभीच. ताई दर बैठकीत हप्ता भरायच्या आणि म्हणायच्या, "पोरीला परत त्या रस्त्यावर नाही सोडायची." कधी ताई स्वतः पोचवायला जायच्या, कधी पोरीची शाळा बुडायची. म्हणजे कर्ज फिटत होतं, पण ज्यासाठी कर्ज काढलं ते शिक्षण मागे पडत होतं. तेव्हा आम्ही ठरवलं, नुसतं हळहळून चालणार नाही. रस्ता बघायला जायचं.

चौघीजणी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वळणावर उभ्या राहिलो, हातात गटाचीच वही. काय दिसलं? धाटावच्या कारखान्यांची पाळी बदलायची वेळ आणि शाळेची वेळ जवळजवळ एकच. कोलाड-रोहा रस्त्यावर बस, टँकर, मोटरसायकली आणि दप्तरवाली पोरं एकत्र. डाव्या कडेला खड्डा, म्हणून सायकलवाली पोरं मध्ये येतात. वळणावर झाडाच्या फांद्या इतक्या खाली की समोरचं दिसतच नाही. संध्याकाळी दिवा नाही.

आणखीही एक दिसलं, ते सांगायला लाज वाटते. पंधरा वर्षांचा मुलगा दोन मित्रांना मागे बसवून मोटरसायकल पळवत होता. तो आमच्याच गटातल्या एकीचा निघाला. वही तिथे थांबली. दुसऱ्याची चूक लिहायची आणि आपली सोडायची, असं कसं चालेल? बैठकीत ते वाचून दाखवलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या वहिनी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली त्यांच्या कनवटीला.

पेणकडच्या मैत्रिणींचं दुखणं वेगळं. हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने. मोसमात रंगकाम रात्रीपर्यंत चालतं. बाया अंधारात, पावसात, कुणी चालत, कुणी सायकलवर घरी निघतात आणि त्याच वेळी मूर्ती न्यायला टेम्पो आलेले असतात. त्यात मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून कुठे वळण, कुठे अर्धा पूल. काल जिथून ओलांडलं तिथून आज ओलांडता येईलच असं नाही.

आता थोडा हिशेब, आपल्याला हिशेब कळतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. चालकाने आपल्याला पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच एवढं अंतर जातं. गाडी थांबायला लागतं ते आणखी वेगळं. म्हणून "तो बघेल, थांबेल" या भरवशावर रस्ता ओलांडायचा नाही. आणि आपण लांबून दिसलो पाहिजे.

त्यासाठी आम्ही काय केलं? सायकलीच्या मागे लाल आणि पुढे पांढरा चमकपट्टा लावला. दप्तरावर, रेनकोटवर पट्टी शिवली. शिवणकाम आपल्या हातातलंच आहे. ब्रेक आणि घंटी महिन्याला तपासायची. सायकल डावीकडून चालवायची, एकामागे एक. चालताना मात्र फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. साडीचा पदर खोचायचा, ओढणीला गाठ मारायची; चाकात अडकली की जीवावर बेततं. मोटरसायकलवर मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं. भाजी आणायला जाताना सुद्धा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी आमच्याकडून मोठी चूक झाली. पोरीला दवाखान्यात नेलं, पण पोलिसात खबर दिली नाही. टेम्पो सापडणार थोडाच, असं वाटलं. आम्हाला ठाऊकच नव्हतं की धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही, तरी सरकारी भरपाई आहे. एप्रिल २०२२ पासून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर २ लाख रुपये. हाड मोडणं हे गंभीर दुखापतीत येतं. पण पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद लागतात. म्हणून लक्षात ठेवा: आधी १०८ ला फोन, रुग्णवाहिका. मग ११२ ला पोलीस. महामार्गावर असाल तर १०३३. जखमी माणसाला उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, असं कायदाच सांगतो.

अर्ज कुणाकडे द्यायचा हेही शिकलो. गावातला आतला रस्ता ग्रामपंचायतीचा, शहरातला नगरपरिषदेचा, गावांना जोडणारे बरेच रस्ते जिल्हा परिषदेचे, मोठे राज्यरस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे. आधी रस्ता कुणाचा ते विचारायचं. मग अर्जात "रस्ता खराब आहे" एवढंच लिहायचं नाही. कुठल्या वळणावर, किती वाजता, काय अडचण आणि काय हवं, ते लिहायचं. सगळ्यांच्या सह्या, आणि शिक्का मारलेली पोच घ्यायचीच. विषय ग्रामसभेच्या कार्यवृत्तात आला की तो कुणाला विसरता येत नाही.

आमचं काय झालं? फांद्या छाटल्या. खड्डा बुजवला, तो एका पावसात पुन्हा थोडा उखडला. दिव्याचा अर्ज अजून फिरतो आहे, आम्हीही त्याच्यामागे फिरतो आहोत.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीत गावच्या बाया सायकल शिकल्या. लाखाहून जास्त जणी. शेतावर, बाजारात, वर्गात जायला कुणाची वाट बघायला नको म्हणून. सायकल म्हणजे बाईचा वेळ बाईच्या हातात. तो वेळ भीतीपोटी पडवीत उभा करून ठेवायचा का?

त्या ताईंनी दिवाळीनंतर सायकल बाहेर काढली. पहिले आठ दिवस आमच्यातली एकेक जण वळणापर्यंत सोबत गेली. आता त्या रस्त्याच्या पाच पोरी एकत्र निघतात, एकामागे एक. सकाळी पाच घंट्या वाजत जातात. ताई अजूनही दारात उभ्या राहून वळणापर्यंत बघतात. आईच ती, बघणारच.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाच्या खाली आणखी एक विषय लिहा: आपला रस्ता. दोघीजणी उद्याच वही घेऊन वळणावर उभ्या राहा.