शेवटचा ‘अ’
(वसंत व्याख्यानमाला, कांदिवली)



‘चारकोप’ हे नाव आपण कांदिवलीकर रोज घेतो. लिहायला अक्षरं ४. तोंडात मात्र ‘चार्कोप्’, ठोके दोनच. ‘र’मधला आणि ‘प’मधला ‘अ’ आपण गिळून टाकतो. पण हाच शब्द कवितेत आला की छंद चारही अक्षरं मोजून घेतो, आणि गायकाला तो चा-र-को-प असाच म्हणावा लागतो.

बोलताना जो ‘अ’ नसतो, तो गाताना असतो. भावगीताची सगळी परीक्षा मला या ‘अ’पाशी होताना दिसते. तो फार लांबवला की शब्द ओळखू येत नाही, तोडला की ओळ लंगडते.

मराठी भावगीताचा आरंभ जी. एन. जोशींनी गायलेल्या ‘शीळ’पासून धरतात. कविता ना. घ. देशपांड्यांची. पुढे गजानन वाटव्यांनी गणेशोत्सवांतून कविता गाऊन घरोघरी नेल्या. यशवंत देवांनी तर पुस्तकाचं नावच ‘शब्दप्रधान गायकी’ ठेवलं. आधी शब्द, मग सूर.

फ्रेंचांनाही या ‘अ’सारखंच कोडं पडलं होतं. कविता, एक गळा आणि पियानो, एवढ्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या गाण्याला ते ‘मेलोदी’ म्हणतात. त्यांच्या कित्येक शब्दांच्या शेवटी एक स्वर असतो, लिहिलेला पण बोलताना गळणारा. चंद्र म्हणजे ‘ल्यून’. बोलताना एक ठोका. गाताना दोन, ल्यू-नऽ. तो शेवटचा स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा, फक्त ओठ किंचित गोल करून काढलेला.

१९०७ साली पॅरिसमध्ये संगीतकार राव्हेलनं हा नियम मोडला. ज्यूल रनारचं मोर, रातकिडा, हंस यांच्यावरचं गद्य त्यानं स्वरांत बांधलं आणि शेवटचे स्वर बोलण्यातल्यासारखे गाळले. श्रोते चिडले, त्याचे गुरू फोरे यांनाही ते रुचलं नाही. माझं मत विचाराल तर राव्हेल बरोबर होता. गद्याला छंदाचं देणं नसतं. मग तो स्वर कुणासाठी उच्चारायचा?

फोरेंसमोर मात्र छंदातली कविता होती. वर्लेनची ‘क्लेर द ल्यून’, म्हणजे चांदणं, १८६९च्या संग्रहातली. देब्यूसीनं तिला दोनदा चाल लावली, फोरेंनी १८८७ मध्ये. आपली पेटी गळ्याच्या मागोमाग चालते. फोरेंचा पियानो आधी १२ बार एकटाच मिन्युएट, म्हणजे एका नाचाची धून, वाजवतो. नाच रंगात आलेल्या घराचं दार उघडून कुणी आत यावं, तसा आवाज मध्येच येतो. पियानो त्याच्यासाठी थांबत नाही, आणि आवाजही घाई करत नाही.

आता ते ऐकू या. अर्थ नाही कळला तरी चालेल. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘ल्यून’ येईल. त्यातला ‘न’ कुठे सोडलाय, तेवढं ऐका.