तुटलेली रेघ
(इंदूर येथे गणेशोत्सवात युवा सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या नोकरीत वीस वर्षं नकाशे काढतो आहे. आपलं बोधचिन्ह संगणकावर कसं उतरवलं ते मुलांना सांगा, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, म्हणून उभा राहिलो.

हे बोधचिन्ह म्हणजे जुन्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरचा गणपती. आपल्याच एका दिवंगत सभासदांनी तो बोरूने काढला होता. मूळ कागद राहिला नाही. छापील प्रत तेवढी एक आहे. तिच्यावरून रेडियम कापून प्रवेशद्वारावर लावायचं होतं. फोटो मोठा केला की फुटतो, कारण तो ठिपक्यांचा असतो. व्हेक्टर चित्रात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा असतात, त्यामुळे चित्र बोटाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, कड स्वच्छच राहते. यासाठी मी इंकस्केप वापरतो. ते मोफत मिळतं.

आधी आळस केला. प्रत स्कॅन करून संगणकालाच ट्रेस करायला लावली. दोन मिनिटांत गणपती तयार! रेडियमच्या दुकानात फाइल दिली, तर दुकानदार म्हणाला, "भैया, मशीन काँप रही है." कागदाच्या प्रत्येक खरखरीवर संगणकाने एकेक बिंदू ठेवला होता. हजाराच्या वर बिंदू झाले होते आणि पातं प्रत्येक ठिकाणी वळत होतं. मग मी 'सिम्प्लिफाय' दिलं. बिंदू कमी झाले, पण सोंडेचं टोक बोथट झालं. ही आज्ञा लागोपाठ दाबली तर दर वेळी जास्त जोराने छाटते, हे ध्यानात ठेवा.

शेवटी हाताने काढायला बसलो. खाली स्कॅन ठेवून तो थर कुलूपबंद केला. मुलांनो, बिंदू कुठे ठेवायचा हेच सगळं कौशल्य आहे. वक्र जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पोचतो तिथे आणि जिथे रेघ एकदम मोडते तिथे. पूर्ण वर्तुळाला चार बिंदू पुरतात. प्रत्येक बिंदूला दोन दांड्या असतात, त्या ओढल्या की वक्र वाकतो. रेनो मोटार कंपनीतले अभियंता पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या पत्र्यांचे आकार काढण्यासाठी १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तीच आज आपल्या बाप्पाच्या पोटाला कामी येते.

अवघड आकार एका दमात काढू नका, त्याचे सोपे तुकडे करा. प्रभावळीला २४ पाकळ्या आहेत. मी एकच काढली, तिच्या प्रती करून १५-१५ अंशांनी फिरवल्या. मग 'युनियन' करून एकजीव केल्या. नाहीतर एकमेकांवर आलेल्या प्रत्येक आकाराची कड मशीन वेगळी कापतं. मुकुटातली भोकं 'डिफरन्स'ने पाडली. जाड रेघेचं 'स्ट्रोक टू पाथ' केलं, कारण पातं रेघेची जाडी बघत नाही, फक्त मधला मार्ग बघतं. आणि एकजीव करण्याआधी सुट्या तुकड्यांची एक प्रत बाजूला ठेवा.

काम झालं. बिंदू दीडशेच्या आत आले. मी खुशीत काकूंना दाखवायला गेलो. त्या चित्रकारांच्या पत्नी, आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे रे, पण हे ह्यांचं नाही. पोटाची रेघ इथे तुटायची."

खरंच होतं. छापील प्रतीत डाव्या बाजूला पोटाची रेघ दोन ठिकाणी सुटलेली होती. मला वाटलं शाई उडाली असेल, म्हणून मी ती जोडून टाकली. आमच्या खात्यात हद्दीची रेघ बंद झाली नाही तर क्षेत्रफळ निघत नाही. वीस वर्षांची सवय. उघडी रेघ दिसली की हात शिवशिवतो.

काकू म्हणाल्या, "ह्यांनी हे चित्र पुठ्ठ्यावर कापून कापडी फलक रंगवले. रेघ अखंड कापली तर मधला पुठ्ठा गळून पडतो. म्हणून मुद्दाम दोन जागा सोडल्या होत्या."

मी गप्प झालो. ज्याला मी दोष समजलो, ती त्या माणसाची युक्ती होती. संगणकाच्या त्या ओबडधोबड ट्रेसमध्ये दोन्ही जागा शाबूत होत्या; पुसल्या त्या मी, माझ्या शहाणपणाने. आणखी दोन-चार वर्षांनी हे विचारायला कोणाकडे गेलो असतो?

घरी येऊन त्या दोन्ही जागा पुन्हा उघडल्या. रेडियमला त्यांची गरज नाही, तरी ठेवल्या. आरतीनंतर बाहेर जाताना दारावर जरूर बघा. आणि मुलांनो, जुनं काही स्वच्छ करायला घ्याल तेव्हा आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.

गणपती बाप्पा मोरया!