तीन शास्त्रांचा एक अभ्यास

मुलगा अगर मुलगी बारावीची परीक्षा उतरली म्हणजे घरोघरी एकच प्रश्न निघतो: आता पुढे कोणता विषय घ्यावयाचा? ज्यांस विज्ञानाकडे जावयाचे त्यांची वाट ठरलेली असते. जो विद्यार्थी कलाशाखेकडे वळतो, त्याच्या विषयांची निवड मात्र बहुधा शेजाऱ्याच्या सल्ल्याने किंवा वेळापत्रकाच्या सोयीने होते. यास्तव तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र ही तीन शास्त्रे एकाच पदवीसाठी एकत्र अभ्यासावीत की काय, आणि अभ्यासल्यास चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रदेशातील विद्यार्थ्यास त्यापासून कोणता लाभ होईल, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

ही त्रयी नवी आहे असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः ती फार जुनी आहे. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात राजपुत्राच्या शिक्षणाचा विचार करताना चार विद्या सांगितल्या आहेत: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दण्डनीती. यांपैकी त्रयी म्हणजे वेदविद्या बाजूस ठेवली, तर उरतात त्या तीन. आन्वीक्षिकी म्हणजे तर्काने चिकित्सा करणारी विद्या. वार्ता म्हणजे शेती, पशुपालन व व्यापार यांची विद्या. आणि दण्डनीती म्हणजे राज्यकारभाराची विद्या. या विद्या किती मानाव्यात याविषयी तेव्हाही एकमत नव्हते. कोणी तीनच मानीत, कोणी दोन, तर एका पंथाच्या मते दण्डनीती ही एकटीच खरी विद्या. कौटिल्याने ही सर्व मते नोंदवून चारही विद्यांचा पक्ष घेतला आणि आन्वीक्षिकीस इतर सर्व विद्यांच्या दिव्याचे स्थान दिले. हा ग्रंथ कित्येक शतके लुप्त होता. म्हैसूरच्या शामशास्त्री यांना त्याची प्रत मिळाली आणि १९०९ साली तो छापून प्रसिद्ध झाला.

युरोपातही ही शास्त्रे आरंभी एकाच घरात नांदत होती. आधुनिक अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो ॲडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतिदर्शनाचा अध्यापक होता. मनुष्याच्या नैतिक भावनांवरील त्याचा ग्रंथ १७५९ साली निघाला आणि राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ त्यानंतर सतरा वर्षांनी, १७७६ साली. पुढे ज्ञानाचा पसारा वाढला, भावांनी वेगळ्या चुली मांडल्या आणि प्रत्येक शास्त्राचे निराळे पंडित झाले. ही वाटणी काही अंशी अटळ होती. परंतु पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्ड विद्यापीठास असे वाटू लागले की, ज्यांना सार्वजनिक कारभार करावयाचा आहे त्यांना केवळ ग्रीक व लॅटिन ग्रंथ पढवून भागणार नाही. त्या जुन्या अभ्यासक्रमास तेथे 'ग्रेट्स' म्हणत. त्याच्या जोडीस १९२० साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा एकत्र अभ्यासक्रम निघाला आणि त्यास 'मॉडर्न ग्रेट्स' हे नाव पडले. हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, ऋषी सुनक इत्यादी ब्रिटनचे पंतप्रधान याच अभ्यासक्रमातून गेलेले आहेत.

महाराष्ट्रास तर याची उदाहरणे शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळी सारखेच लागू पडतात या समजुतीची त्यांनी चिकित्सा केली. हा आक्षेप घेण्यासाठी अर्थशास्त्र जाणावे लागते, इतिहास व राज्यकारभार जाणावा लागतो आणि 'सिद्धांत' कशास म्हणावे हेही जाणावे लागते. १९३० साली पुण्यास स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या नावातच राज्यशास्त्र व अर्थशास्त्र ही दोन्ही शास्त्रे शेजारी बसलेली आहेत.

परंतु या तिन्ही शास्त्रांचा संगम ज्यांच्या ठायी पूर्णत्वाने झाला, असे नाव घ्यावयाचे तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचेच घ्यावे लागेल. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केले. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्र हा मुख्य विषय असून त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र व तत्त्वज्ञान यांचेही त्यांनी अध्ययन केले. सेलिग्मन यांच्यापाशी ते अर्थशास्त्र शिकले आणि जॉन ड्युई यांच्या तत्त्वज्ञानाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी जो इशारा दिला, त्याचा आशय असा की, राजकारणात आपण समतेस प्रवेश देत आहोत, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार आहे, आणि ही विसंगती लवकर दूर न केल्यास लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. या एका विचारात तिन्ही शास्त्रे आहेत. मताचा हक्क हा राज्यशास्त्राचा विषय, मिळकतीची विषमता हा अर्थशास्त्राचा, आणि समता म्हणजे काय हा तत्त्वज्ञानाचा. नागपूरच्या दीक्षासमारंभानंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी चंद्रपूर येथे, म्हणजे तेव्हाच्या चांदा शहरी, धम्मदीक्षा दिली. तेथील दीक्षाभूमीवर आज त्यांच्याच नावाचे महाविद्यालय उभे आहे. तेव्हा हा अभ्यास या भूमीस परका आहे असे कोणी म्हणू नये.

आता या प्रदेशातील प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. पुस्तकातील शास्त्र जीवनात कोठे भेटते, हे पाहण्यासाठी बांबूसारखी दुसरी वस्तू नाही. घराचा कूड, टोपली, सूप, तट्टा आणि पावसाळ्यातील वास्त्यांची भाजी, हे सर्व बांबूपासून. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे तृण होय. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वृक्षाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला. गवताला झाड म्हटल्याने काय बिघडले, असे सहज वाटेल. बिघडले ते असे की, झाड म्हटल्यावर ते इमारती लाकडाच्या वर्गात गेले, त्यावर वनखात्याची सत्ता आली आणि गावकऱ्याच्या वाट्यास केवळ निस्तारापुरती सवलत राहिली. वनात राहणाऱ्यास जो बांबू विकता येत नव्हता, तोच बल्लारपूरच्या कागद गिरणीत कच्चा माल म्हणून जात असे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज ठरविले. तरीही वाहतुकीचा परवाना खात्याच्याच हाती असल्यामुळे हक्क कागदावर राहिला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव आहे. त्यास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कोठे त्या हक्कास अर्थ आला. १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळला गेला तो २०१७ साली.

या एकाच कथेत किती प्रश्न गुंतले आहेत पाहा. वस्तूची व्याख्या कोण करतो व कोणत्या प्रमाणावर करतो, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. सत्ता खात्याची की ग्रामसभेची, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. किंमत कशी ठरते, विकणारे अनेक व घेणारा एक असला म्हणजे काय होते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. केवळ अर्थशास्त्र शिकलेला भाव पाहील, केवळ राज्यशास्त्र शिकलेला कलम पाहील. भावाचे मूळ कलमात आणि कलमाचे मूळ व्याख्येत आहे, हे तिन्हींचा परिचय असलेल्यासच सहज दिसेल.

मेंढ्याची दुसरी एक गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आणि निर्णयाची सभा निराळी व अभ्यासाची बैठक निराळी, असा भेद तेथे पाळला जातो. अभ्यासगटात प्रश्नाची केवळ छाननी होते. बहुमत श्रेष्ठ की सहमती, हा वाद राज्यशास्त्राच्या पुस्तकात आहेच. परंतु एक जरी मनुष्य विरुद्ध असला तरी निर्णय थांबवावा काय, गप्प बसणाऱ्याचे मौन संमती समजावे काय, आणि थांबण्यामुळे होणारे नुकसान कोणी सोसावे, असे पोटप्रश्न काढू लागलो म्हणजे पुन्हा तिन्ही शास्त्रांचे दार ठोठवावे लागते.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे उदाहरण असेच बोधप्रद आहे. वनावरील सामूहिक हक्क २०१२ साली मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. उन्हाळ्याच्या दिवसांत रोख पैसा देणारा हा हंगाम कोण सोडील? परंतु पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी फुटावी म्हणून वणवे लावले जातात, आणि टेंभुर्णीच्या फळास माणूस व पाखरे दोघेही मुकतात, असा हिशेब गावाने केला आणि बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेवली. दुसऱ्या एखाद्या गावास, जेथे बांबू नाही, हाच निर्णय परवडणार नाही. आणि त्या गावाने पाने तोडली म्हणून त्यास दोष देता येणार नाही. नियम एकच असावा की परिस्थितीप्रमाणे निराळा, हे ठरविताना नीतीचा आणि पोटाचा विचार एकत्रच करावा लागतो.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा प्रश्न याहून बिकट आहे. तेथील डोंगरात लोहखनिज आहे. त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे व तेथे यात्रा भरते. खनिजाची किंमत टनावर काढता येते. रोजगार व रस्ते यांचाही हिशेब मांडता येतो. देवस्थानाचे व वनाचे मोल कोणत्या मापाने मोजावे? आजच्या पिढीच्या लाभासाठी पुढील पिढीचे किती खर्ची घालावे? या प्रश्नांची उत्तरे निरनिराळी माणसे निरनिराळी देतील. निदान प्रश्न नीट मांडता येणारी माणसे याच जिल्ह्यातून निघावीत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

या अभ्यासावर आक्षेपही आहेत व ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप असा की, तीन शास्त्रे घेणाऱ्याचे एकही पक्के होत नाही. त्यास सर्व विषयांवर बोलता येते आणि कशातच खोल जाता येत नाही. खुद्द इंग्लंडात ऑक्सफर्डच्या या पदवीवर हीच टीका होत आली आहे. यावर उपाय असा की, पहिल्या वर्षी तिन्हींचा पाया घालावा आणि पुढे एका शास्त्रात विशेष अध्ययन करावे. अर्थशास्त्रातील गणित व संख्याशास्त्र टाळून चालणार नाही. ते टाळले तर उरते ती केवळ वक्तृत्वकला. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यव्यवस्था व अर्थव्यवस्था हे विषय आहेतच, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. परंतु सर्वच काही अधिकारी होणार नाहीत. ग्रामसभेचा जमाखर्च लिहिणारा, व्यापाऱ्याशी करार करताना त्यातील अटी वाचणारा, कायद्याचे कलम गोंडी वा माडियात समजावून सांगणारा पदवीधर गावास हवा आहे. ज्यांचे हक्क कायद्याने मान्य झाले पण ज्यांस ते वाचता आले नाहीत, त्यांच्या वतीने दुसराच कोणी तरी वाचतो. आणि वाचणारा आपल्या सोयीचे वाचतो.

२०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. कलाशाखेत भाषांबरोबर तीन ऐच्छिक विषय घेण्याची रीत जुनीच आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने मुख्य व गौण विषयांची सांगड घालण्यास अधिक मोकळीक दिली आहे. जेथे तत्त्वज्ञानाचा वर्ग नसेल, तेथे तर्कशास्त्र व नीतिशास्त्र यांचे एखादे प्राथमिक पुस्तक घेऊन चारपाच विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. अध्यापकांनी वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांस ग्रामसभेत नेऊन मागील बाकावर गप्प बसवावे, आणि परत आल्यावर जे ऐकले त्याची तीन टिपणे लिहावयास सांगावीत: येथे न्याय्य काय होते, निर्णय कोणी घेतला, आणि पैसा कोठून आला व कोठे गेला. अशी तीन टिपणे जो विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहील, त्याच्या अभ्यासाचा पाया पक्का झाला असे समजण्यास हरकत नाही.