परकोटाच्या कडेकडेने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या रविवारी आपण पंधरावीसजणी अमरावतीच्या परकोटाच्या कडेकडेने हिंडून आलो. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे.

हा परकोट बांधायला निजामाच्या राजवटीत, १८०७ साली सुरुवात झाली. कारण पेंढाऱ्यांचे भय. येथे सावकारांच्या पेढ्या होत्या, कापसाचा मोठा व्यापार होता. १८४२ साली येथल्या एकाच व्यापाऱ्याने १ लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याला पाठविला, अशी जुनी नोंद आहे. तेव्हा आगगाडी नव्हती, हे ध्यानात घ्या! अशा धनासाठी २० ते २६ फूट उंच आणि सव्वादोन मैल घेराची भिंत उभी राहिली. तिला ५ वेशी आणि ४ खिडक्या.

बरोबरच्या मुलींनी विचारले, “खिडकीतून माणसे कशी जात?” अहो, खिडकी म्हणजे भिंतीतला लहान दरवाजा. माझ्या सासूबाई म्हणत, “खिडकीकून जाय व माय, गेट दूर पडते.” हे बोलणे आता घरातून गेले, म्हणून मुलींना प्रश्न पडतो. खुनारी खिडकीचे नाव आपण पत्ता सांगताना सहज घेतो. परंतु १८१८ च्या मोहरमात तेथे झालेल्या झुंजीत ७०० माणसे पडली, असे गॅझेटियर सांगते. नाव राहिले, माणसे विसरली.

पुढे अंबागेट ओलांडून आपण देवीच्या देवळाशी आलो. पेंढारी केव्हाच संपले होते. पण माणसाने माणसाला अडविणारी दुसरी भिंत उभीच होती. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना हे देऊळ खुले व्हावे म्हणून १९२७ साली चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख तीत पुढे होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे सांगत असता आपल्यातील एक भगिनी म्हणाली, “माझी आजी रस्त्यावरूनच कळसाला हात जोडून परत जाई. ओटीचा नारळ तसाच घरी येई.” आम्ही सगळ्या गप्प झालो. इतकी वर्षे आपण एकत्र हळदीकुंकू करतो, पण हे आपण तिला कधी विचारलेच नव्हते.

भगिनींनो, परकोटाला टेकून घरे झाली, दुकाने झाली. दगड हळूहळू दिसेनासे होत आहेत. ते राखणे सरकारचे काम. पण सासूबाईंचे बोलणे आणि त्या आजीचा नारळ कोणत्या गॅझेटियरात सापडणार? तेवढ्यासाठी मंडळाने एक वही घातली आहे. प्रत्येकीने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला विचारून निदान एक पान लिहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.